दोन कॉम्प्युटर एकमेकांना का दिसत नाहीत?



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न आमच्याकडे निरनिराळ्या तोंडांनी आला. नारपोलीतील एका भगिनीने शिलाईच्या कामाला जोड म्हणून झेरॉक्सचे लहानसे दुकान घातले आहे. तिचा मोबाईल दुकानातल्याच प्रिंटरला सापडत नाही. अंजूरफाट्याजवळ एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बिले करणाऱ्या तरुणाची तक्रार अशी की, साहेबांच्या कॉम्प्युटरवरची जी फाईल काल त्याच्याकडे उघडत होती ती आज उघडत नाही. तिसरी गोष्ट आमच्या वस्तीतील अभ्यासिकेची. तेथे चार कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर आहे, आणि चारपैकी दोन कॉम्प्युटरवरून प्रिंट निघेनाशी झाली.

या तिन्ही ठिकाणी इंटरनेट मात्र उत्तम चालू होते. त्यामुळे तिघांनीही आम्हांस एकच विचारले, "नेट तर चालते, मग हे का चालत नाही?"

घोळ येथेच आहे. 'नेट' या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी घालतो. शेजारच्या घरी साखर मागायला जाताना कोणी मुंबई-नाशिक महामार्गावरून जात नाही, गल्लीतून जातो. एकाच खोलीतल्या दोन कॉम्प्युटरचा, किंवा मोबाईल आणि प्रिंटरचा रस्ता हा असा गल्लीतला रस्ता आहे. तो भिंतीवरच्या राउटरपर्यंत जातो आणि तेथूनच परत फिरतो. केबलवाल्याची लाईन पूर्ण बंद असली तरी हा रस्ता चालू राहू शकतो, आणि केबलवाल्याची लाईन धो-धो चालू असली तरी हा बंद असू शकतो. म्हणून इंटरनेट चालते की नाही यावरून गल्लीची परीक्षा करू नये, आणि प्रिंट निघत नाही म्हणून केबलवाल्याशी भांडूही नये.

हा विषय आम्ही घेतला तो पैशासाठी. मीटरवर मजुरी मिळवणाऱ्या घरात जुना कॉम्प्युटर येतो तोच हप्त्याने. तो बिघडला म्हणून दुकानात नेला की बरेचदा सांगण्यात येते, कार्ड गेले, बोर्ड गेला, आता नवाच घ्या. सगळे मेकॅनिक लबाड असतात असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आपल्याच वस्तीतील दोन-तीन मुले हा धंदा इमानाने करून घर चालवीत आहेत. परंतु वस्तू बदलणे सोपे आणि दोष शोधणे वेळखाऊ, हे कोणत्याही धंद्यात खरेच असते. दोष कोठे आहे एवढे जरी गिऱ्हाईकाला सांगता आले तरी पुढचे बोलणे वेगळे होते.

मागावर काम करणाऱ्या बांधवांना ही रीत नवी नाही. माग थांबला म्हणजे कोणी आधी मोटर उघडत नाही. ताण्याची तार तुटली का पाहतात, धोट्यातली कांडी संपली का पाहतात, पट्टा पाहतात. मोटरीची पाळी सगळ्यांत शेवटी. जे डोळ्यांना दिसते ते आधी, जे उघडावे लागते ते नंतर. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हीच माणसे हात मागे घेतात, कारण ते शिकलेल्यांचे यंत्र आहे अशी एक भीती मनात बसलेली असते. ही भीती काढून टाकावी. जे पुढे सांगतो आहोत त्यात एकही स्क्रू उघडायचा नाही.

आधी दिवा पाहावा. लॅनची वायर कॉम्प्युटरमध्ये जेथे बसते तेथे बहुतेक एक बारीक दिवा असतो, आणि राउटरवरही त्या वायरीच्या खाचेसाठी एक असतो. दोन्ही यंत्रे चालू असताना तो दिवा लागत नसेल तर त्या दोघांत संबंधच जुळलेला नाही, मग स्क्रीनवर सेटिंग शोधीत बसणे व्यर्थ आहे. शेजारच्या चालू कॉम्प्युटरची वायर काढून या कॉम्प्युटरला लावावी. दिवा लागला तर दोष वायरीचा. नाही लागला तर राउटरवरची खाच बदलून पाहावी. एवढ्या दोन अदलाबदलींत वायर, खाच की कॉम्प्युटर, हे कळून येते.

या वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची एक पांढरट जोडीदारीण. शंभरच्या वेगाला यांतल्या चारच तारा पुरतात. हजारच्या वेगाला आठही लागतात. म्हणून एखादी तार आत तुटली तरी कधी कधी काम चालू राहते, फक्त मंद होते, आणि माणूस महिनोन् महिने "कॉम्प्युटर जुना झाला" म्हणत बसतो. स्वस्त वायरीत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते; दोन-चार वेळा मुडपली की ती आतून तुटते आणि बाहेरून अखंड दिसते. वायर घेताना पूर्ण तांब्याची आहे का हे विचारून घ्यावे. लांबीची मर्यादा शंभर मीटर आहे, पण आपल्या खोल्यांना तेवढी कोठून लागणार!

नारपोलीत आणखी दोन शत्रू आहेत. एक उंदीर, त्याबद्दल काही सांगायला नको. दुसरी म्हणजे कारखान्यांतून उडणारी कापसाची रुई. ती राउटरच्या आणि कॉम्प्युटरच्या खाचांत जाऊन बसते, पावसाळ्यात ओल धरते, आणि वायरीची पितळी टोके काळवंडतात. यंत्र बंद करून कोरड्या मऊ ब्रशने खाच साफ करावी. फुंकर मारू नये, तोंडातली ओल आत जाते. वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा चिमटा मोडला असेल तर ती वायर 'चालते' असे मानू नये. टेबलाला कोणाचा गुडघा लागला की ती सुटणार. ते टोक नवे बसवून घेणे हे फार स्वस्तातले काम आहे.

दिवा लागत असेल तर दोष पुढे आहे. आता नंबर पाहावा.

प्रत्येक यंत्राला या गल्लीत एक नंबर मिळतो, आणि तो बहुतेक राउटर देतो. कारखान्यात मुकादम हजेरी मांडतो आणि ज्याला त्याला बिल्ला देतो, तसे समजा. विंडोजच्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडावी, त्यात इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द लिहून एंटर दाबावे. चार तुकड्यांचा नंबर दिसतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे नंबर १९९६ साली घरगुती आणि कचेरीतल्या जाळ्यांसाठी कायमचे राखून ठेवण्यात आले. ते बाहेरच्या महामार्गावर चालत नाहीत, म्हणूनच तुमच्या घरी १९२.१६८.१.५ आणि शेजाऱ्याच्या घरीही १९२.१६८.१.५ असले तरी भांडण होत नाही. एकाच घरात मात्र हा नंबर दोघांना मिळाला तर होते, आणि दोघेही अधूनमधून गायब होतात.

नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की कॉम्प्युटरने हाक मारली, मुकादम भेटला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक बिल्ला लावून घेतला. असा कॉम्प्युटर कामाचा नाही. आपल्याकडे लाईट गेली आणि आली की हे वरचेवर घडते, कारण कॉम्प्युटर आणि राउटर एकदम उठतात आणि कधी राउटरला उठायला जास्त वेळ लागतो. आधी राउटर चालू करावा, दोन मिनिटे थांबावे, मग कॉम्प्युटर.

अभ्यासिकेत मात्र चारही कॉम्प्युटरना नंबर व्यवस्थित मिळालेले होते, आणि गंमत तेथेच होती. दिवस 'महाडीबीटी'वर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे. मुले जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला घेऊन येत होती. भरलेल्या अर्जाची प्रिंट कॉलेजात द्यायची, आणि तारीख जवळ आलेली. प्रिंटर जोडलेला होता पहिल्या कॉम्प्युटरला. तिसऱ्या आणि चौथ्यावरून प्रिंट जात नव्हती. पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी पाच मिनिटांत निकाल दिला की पहिल्या कॉम्प्युटरचे नेटवर्क कार्ड गेले आहे, आणि जुन्या यंत्रावर खर्च करण्यापेक्षा वायफायचा नवा प्रिंटरच घ्या. अभ्यासिकेच्या पेटीत तेवढे पैसे नव्हते. म्हणून मुले पेनड्राइव्हने फाईल इकडून तिकडे नेत होती, आणि पहिल्या कॉम्प्युटरसमोर रांग लागत होती.

तेथे अभ्यासाला येणाऱ्या बारावीच्या एका मुलीने एक साधी गोष्ट केली. तिने चारही कॉम्प्युटरचे नंबर वहीत एकाखाली एक लिहिले, आणि वही आमच्यापुढे धरली. "काका, हे बघा. पहिल्या दोघांचा तिसरा आकडा शून्य आहे, आणि या दोघांचा एक."

पहिले दोन कॉम्प्युटर १९२.१६८.०च्या घरात होते, आणि मागचे दोन १९२.१६८.१च्या. म्हणजे एका खोलीत दोन मुकादम हजेरी मांडीत होते. चौकशी केल्यावर उलगडा झाला. कोणी सद्गृहस्थाने वायफाय चांगले मिळावे म्हणून अभ्यासिकेला दुसरा राउटर भेट दिला होता. ज्याने तो बसविला त्याने जुन्या राउटरची वायर नव्या राउटरच्या वेगळ्या रंगाच्या खाचेत, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाईनच्या खाचेत लावली, आणि नवी डबी जवळ पडते म्हणून पहिले दोन कॉम्प्युटर तिला जोडले. इंटरनेट चौघांनाही मिळत राहिले, म्हणून कोणाला संशय आला नाही. परंतु नव्या राउटरने स्वतःची वेगळी गल्ली केली आणि तिच्या तोंडाशी दार लावून तो बसला. असे दार एकाच बाजूने उघडते. आतल्याची हाक बाहेर जाते. बाहेरच्याची हाक आत येत नाही. प्रिंटर दाराच्या आत होता.

खरेदी काहीच करावी लागली नाही. ती वायर वेगळ्या खाचेतून काढून नव्या राउटरच्या बाकीच्या साध्या खाचांपैकी एकीत लावली, नव्या राउटरचे नंबर वाटण्याचे काम (त्याला डीएचसीपी म्हणतात) बंद केले, आणि त्याला स्वतःला जुन्याच गल्लीतला एक मोकळा नंबर दिला. वायर हलविण्याआधी सेटिंग करणे बरे, नाहीतर मध्यंतरी दोघेही मुकादम एकाच गल्लीत नंबर वाटू लागतात. चारही कॉम्प्युटर बंद करून चालू केले आणि तिसऱ्यावरून पहिली प्रिंट निघाली. घराघरांत केबलवाल्याचा एक आणि आपला एक असे दोन राउटर आता नेहमीचे झाले आहेत. आमच्या पाहण्यातले बरेच दोष येथेच निघाले.

वर आम्ही 'हाक' म्हटले, ते नुसते बोलण्यापुरते नाही. खरोखर हाक मारून पाहण्याची सोय प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याच काळ्या खिडकीत 'पिंग' असे इंग्रजीत लिहून पुढे समोरच्याचा नंबर द्यावा. ओ आली तर किती वेळात आली तेही दिसते. ही युक्ती माईक मूस या अमेरिकन गृहस्थांनी डिसेंबर १९८३ मध्ये केली. ते अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करीत; त्यांच्या जाळ्यात काहीतरी विचित्र घडत होते, ते शोधण्यासाठी एका संध्याकाळी त्यांनी हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधताना पाण्यात आवाज सोडून त्याचा पडसाद ऐकतात, त्या आवाजावरून नाव ठेवले 'पिंग'. एका अडचणीपुरते लिहिलेले ते हत्यार जगभर अजून वापरात आहे.

हाक जवळून लांब मारीत जावी. आधी राउटरला. आयपीकॉन्फिगमध्ये 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून जो नंबर दिसतो तो राउटरचा. त्याने ओ दिली म्हणजे तुमची वायर, तुमचे कार्ड आणि तुमचा नंबर तिन्ही ठीक. कार्ड गेले म्हणणाऱ्याला हे दाखवावे. मग समोरच्या कॉम्प्युटरला. अभ्यासिकेत पहिल्यावरून तिसऱ्याला हाक पोहोचत होती, तिसऱ्यावरून पहिल्याला नाही. दार एकतर्फी आहे हे त्यावरूनच पक्के झाले. येथे एक सावधगिरी सांगतो. समोरून ओ आली नाही म्हणजे तो मेला असे समजू नये. विंडोजचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, अनोळखी हाकेला उत्तर देऊ देत नाही. कॉम्प्युटर जिवंत असतो, कानही असतात, फक्त ओ द्यायची मनाई असते.

नंबराने ओ येते आणि नावाने येत नाही, हाही एक नेहमीचा प्रकार. मग नेटवर्कच्या खिडकीत समोरचा कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून हताश होऊ नये. फाईलच्या खिडकीत वरच्या पट्टीवर दोन उलट्या तिरक्या रेघा मारून पुढे सरळ नंबर लिहावा. बरेचदा दार उघडते, आणि दोष फक्त नाव शोधण्याचा होता हे कळते.

प्रिंटर स्वतःच राउटरला जोडलेला असेल तर त्याची एक खोड लक्षात ठेवावी. लाईट जाऊन आली की मुकादम त्याला कधी नवा नंबर देतो, आणि कॉम्प्युटर मात्र जुन्याच नंबरवर कागद पाठवीत राहतो. तो नंबर आता कोणाच्या तरी मोबाईलला मिळालेला असतो! मग कोणी प्रिंटर काढून पुन्हा बसवितो, चार दिवस चालते, पुन्हा लाईट जाते. उपाय एकदाच करावा. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा नंबर त्याच्या नावाने राखून ठेवता येतो. मुकादमाला सांगून ठेवायचे की हा बिल्ला याचाच. आपल्या भागात तर ही गोष्ट प्रिंटर विकत घेतला त्याच दिवशी करावी.

झेरॉक्सवाल्या भगिनीचा दोष यांतला नव्हता. तिचा मोबाईल राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर होता आणि प्रिंटर मुख्य वायफायवर. गेस्ट म्हणजे पाहुणा. पाहुण्याला बाहेरचे इंटरनेट मिळते, पण घरातल्या वस्तूंना हात लावता येत नाही, अशीच ती सोय केलेली असते. मोबाईल मुख्य वायफायवर घेताच प्रिंटर सापडला. तिला आम्ही हेही सांगितले की गिऱ्हाइकांना मात्र गेस्टचाच पासवर्ड द्यावा.

आता परवानगीचा भाग. येथे आम्हांस थोडे जास्त लिहावेसे वाटते, कारण चुकीच्या सल्ल्याने खरे नुकसान येथेच होते.

ट्रान्सपोर्टच्या कचेरीत दिवा होता, नंबर एकाच गल्लीतले होते, ओ येत होती. फाईल तेवढी उघडत नव्हती. झाले होते इतकेच की साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला, आणि आपल्या तरुणाच्या कॉम्प्युटरने जुना पासवर्ड लक्षात ठेवून तोच पुन्हा पुन्हा दाखविला. कंट्रोल पॅनेलमधील 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन जुनी नोंद काढून टाकली आणि काम झाले. आणखी एक ठिकाण पाहण्यासारखे आहे. विंडोज प्रत्येक जाळ्याला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असे समजते. पब्लिक म्हणजे रेल्वे स्टेशनसारखी जागा, तेथे कॉम्प्युटर स्वतःला लपवितो. घरचे किंवा कचेरीचे जाळे चुकून पब्लिक ठरले असेल तर ते प्रायव्हेट करावे.

परंतु अशा वेळी अनेकजण काय करतात? फायरवॉल बंद करतात, 'एव्हरीवन'ला सगळी परवानगी देतात, आणि इंटरनेटवर वाचून 'एसएमबी एक' नावाची जुनी पद्धत पुन्हा चालू करतात. फाईल उघडते, मेकॅनिक पैसे घेऊन जातो, आणि घराचे दार कायमचे उघडे राहते. ही जुनी पद्धत म्हणजे फाईल आणि प्रिंटर वाटून घेण्याची विंडोजची फार पूर्वीची भाषा. २०१७ सालच्या शेवटी विंडोज दहाच्या नव्या आवृत्तीत ती मुळातच बसविणे बंद झाले, म्हणून एक्सपीसारखा जुना कॉम्प्युटर आणि नवा कॉम्प्युटर शेजारी ठेवले तर ते एकमेकांना दिसत नाहीत. लोक याला बिघाड म्हणतात. तो बिघाड नव्हे, ते मुद्दाम लावलेले कुलूप आहे.

कुलूप का लावले ते आपल्या जवळच घडले आहे. भिवंडीच्या गोदामांतला माल ज्या न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून जातो-येतो, तेथील गेटवे टर्मिनल्स हे टर्मिनल जून २०१७ च्या अखेरीस एका व्हायरसमुळे अडले. 'नॉटपेट्या' हे त्याचे नाव. त्याचा उगम युक्रेनमध्ये. तेथून तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला, आणि हे टर्मिनल त्याच समूहातील कंपनी चालवीत असल्याने तो येथवर आला. गल्लीतल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उडी मारण्यासाठी तो ज्या वाटा वापरीत होता त्यांतली एक या जुन्या एसएमबीतील भोक होते. दुसरी वाट कॉम्प्युटरच्या आठवणीतले पासवर्ड चोरण्याची होती. ते भोक बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. बंदरात कॉम्प्युटर थांबल्यावर माणसांना हाताने काम करावे लागले आणि मालाची कोंडी झाली. मर्स्कला पुढे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, असे त्या कंपनीच्या अध्यक्षांनीच जानेवारी २०१८ मध्ये सांगितले. एवढ्या मोठ्या कंपनीचे हे झाले, तर ज्या अभ्यासिकेत मुलांचे दाखले एका फोल्डरमध्ये ठेवलेले आहेत तिचे काय होईल! म्हणून जुन्या कॉम्प्युटरवरची फाईल हवी असेल तर पेनड्राइव्हने आणावी, पण ते कुलूप काढू नये. फायरवॉलही बंद न करता त्यात 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग'ला तेवढी प्रायव्हेट जाळ्यापुरती वाट द्यावी.

पूर्णा, काल्हेर, माणकोलीच्या गोदामांत कामाला जाणाऱ्या तरुणांसाठी दोन शब्द. हातातला स्कॅनर "लागत नाही" म्हणून तुमचे दिवसाचे काम कमी भरते आणि बोलणी तुम्हाला बसतात, असे अनेकांनी सांगितले. तो स्कॅनरही वायफायनेच त्यांच्या कॉम्प्युटरशी बोलतो. उंच लोखंडी रॅक आणि द्रवाने भरलेला माल यांच्यामागे वायफायची सावली पडते, आणि माल बदलला की सावलीची जागाही बदलते. नुसते "स्कॅनर खराब" म्हणू नका. कोणत्या रॅकपाशी, किती वाजता, शेजारच्याचाही बंद पडला का, हे तीन-चार दिवस लिहून ठेवा आणि सुपरवायझरला दाखवा. एका जागी सगळ्यांचे बंद पडत असतील तर दोष तुमच्या हाताचा नाही.

एक विचित्र प्रकार सांगायचा राहिला. साफसफाईच्या दिवशी सुटी पडलेली वायर दिसली म्हणून कोणी तिची दोन्ही टोके एकाच डबीच्या दोन खाचांत लावतो, आणि क्षणात सगळे जाळे ठप्प. निरोप गोल गोल फिरत राहतो आणि दुसऱ्या कोणाला वाटच उरत नाही. खाचांचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील तर ही वायर आधी शोधावी. मोठ्या कचेऱ्यांतल्या महागड्या डब्या हे फिरणे स्वतः ओळखून थांबवितात. त्यासाठीची युक्ती राडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली दिली. आपल्याकडच्या स्वस्त डबीत ती सहसा नसते.

आणि कृपा करून एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर बदलली, सेटिंग बदलले, राउटरही बंद करून चालू केला, आणि मग चालले, तर कशाने चालले ते कोणालाच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही पेशाने कारकून, तेव्हा आमचा सगळा भरवसा कागदावर. अभ्यासिकेच्या भिंतीवर, राउटरच्या शेजारी, त्या मुलीच्या अक्षरात एक तक्ता आता चिकटविलेला आहे. यंत्राचे नाव, त्याचा नंबर, वायरीचा रंग, कोणत्या डबीच्या कितव्या खाचेत, आणि शेवटचा बदल कोणी व कोणत्या तारखेला केला. दोन राउटर, चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अशा सात ओळी आहेत. राउटरचा पासवर्ड तेवढा तक्त्यावर नाही. तो बंद पाकिटात ग्रंथपालांच्या कपाटात आहे. मागल्या पावसात लाईट गेली-आली तेव्हा चौथा कॉम्प्युटर दिसेनासा झाला, आणि तक्त्यातील नंबर व खिडकीतील नंबर जुळत नाहीत हे आठवीतल्या एका मुलाने आम्ही पोहोचण्याआधीच शोधून ठेवले होते.